चंदेरीची शिखररेषा आणि फॉर्ममधला सहावा विभाग

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण, महाराष्ट्र

विषय : बदलापूर ते वांगणी पट्ट्यातल्या बांधकाम प्रकल्पांना मंजुरी देताना दृश्य परिणामाचा पुरावा मागण्याबाबत

महोदय,

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेला जोडलेल्या फॉर्म १-ए मध्ये सहावा विभाग सौंदर्यदृष्टीचा आहे. त्यातला पहिलाच प्रश्न विचारतो की प्रस्तावित बांधकामामुळे एखादं दृश्य, निसर्गरम्य जागा किंवा भूदृश्य झाकलं जाणार आहे का, आणि प्रकल्पकर्त्याने त्याचा विचार केला आहे का. प्रश्न चांगला आहे. अडचण उत्तराची आहे. पाणी किती लागणार, कचरा किती निघणार, झाडं किती तुटणार हे आकड्यांत सांगावं लागतं. या प्रश्नाला मात्र ‘नाही’ एवढं लिहिलं तरी रकाना भरतो. त्याला नकाशा जोडावा लागत नाही, फोटो जोडावा लागत नाही, आणि ते ‘नाही’ कुठे उभं राहून ठरवलं हेही कुणी विचारत नाही.

हे पत्र त्या एका रकान्यासाठी आहे. नवा कायदा करा असं आमचं म्हणणं नाही. जो प्रश्न कायद्याने विचारून ठेवला आहे, त्याचं खरं उत्तर मागा, एवढीच विनंती आहे.

आमचं चामटोली हे बदलापूर–कर्जत रस्त्यावरचं गाव. एका अंगाला उल्हास नदीचा सखल पट्टा आणि दुसऱ्या अंगाला माथेरानची रांग. कर्जतकडे निघालेली लोकल बदलापूर सोडते तेव्हा उजव्या खिडकीत ही रांग दिसते : चंदेरीचा सरळसोट कातळमाथा, म्हैसमाळ, नवरा-नवरीचे सुळके, नाखिंदचं नेढं, पेबचा किल्ला आणि शेवटी माथेरानचं पठार. हे कातळ दख्खनच्या लाव्हाचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. थरावर थर साचल्याच्या आडव्या रेषा लांबूनही मोजता येतात. पावसाळ्यात त्याच थरांच्या पायऱ्यांवरून पाणी उतरतं आणि मुंबई-ठाण्याची तरुण मंडळी शनिवार-रविवारी पाठीला सॅक लावून वांगणीला उतरतात.

या देखाव्याची बांधणी तीन पट्ट्यांची आहे. पुढे सपाट भातखाचरं, त्यामागे वरकस जमीन आणि झाडीचा उतार, आणि त्यावर उघडा कातळ. डोंगर एवढा मोठा वाटतो तो पुढचा पट्टा बसका आहे म्हणून. खाचरांत आवणी चालू असो की भात कापल्यावर नुसते बांध उरलेले असोत, नजरेला डोंगराच्या पायथ्यापर्यंत अडथळा लागत नाही. म्हणून इथे दृश्य वाचवायचं तर डोंगराच्या अंगाला हात न लावणं पुरत नाही. त्याच्यापुढची बसकी जागा कशी वापरली जाते, यावर सगळं ठरतं. आपल्याकडे येणारे प्रस्ताव नेमके या पुढच्या पट्ट्यातले असतात.

बदल किती वेगाने येतो आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली. त्यानंतर बदलापूरच्या कात्रप भागापुढे शहर कसं सरकत गेलं, ते रस्त्याने येताना दिसतं. आता वडोदरा–मुंबई द्रुतगती महामार्गाचा सुमारे चार किलोमीटर लांबीचा जुळा बोगदा भोजजवळ डोंगरात शिरतो आणि पनवेलच्या बाजूला मोरब्याकडे निघतो. नवी मुंबईचा विमानतळ त्या बाजूला आहे. डोंगराने आजवर जी जमीन आडबाजूला ठेवली होती, ती या बोगद्याने बाजारात आणली. एनए प्लॉट, शेतघरं, सेकंड होम आणि टाउनशिप यांचे फलक त्याचीच वर्दी देतात.

त्या फलकांवर काय लिहिलेलं असतं, तेही पाहा. ‘हिल व्ह्यू’, ‘व्हॅली व्ह्यू’, ‘सह्याद्रीच्या कुशीत’. डोंगराकडे तोंड असलेल्या फ्लॅटला जास्त दर, वरच्या मजल्याला वेगळा फ्लोअर राइज. म्हणजे जे दृश्य विक्रीच्या दिवशी चौरस फुटामागे भाव खातं, ते मंजुरीच्या अर्जात शून्य किमतीचं होतं. शिवाय पहिली इमारत जे विकते ते दुसरी झाकते, आणि दुसरीने विकलेलं तिसरी. कर्ज काढून डोंगर पाहायला आलेल्या माणसाच्या बाल्कनीसमोर चार वर्षांत पलीकडच्या विंगचे वाळत घातलेले कपडे येतात, आणि डोंगर सोसायटीच्या नावात तेवढा उरतो. दृश्याचा हिशेब न ठेवण्याचा पहिला फटका घर घेणाऱ्यालाच बसतो.

‘दृश्याला बाधा’ ही कवीची तक्रार आहे, मोजता येणारी गोष्ट नाही, असं कुणी म्हणेल. मोजता येते. शाळेतल्या समरूप त्रिकोणांपलीकडे त्याला काही लागत नाही. समजा, आपण रस्त्यावर उभे आहोत आणि ५ किलोमीटरवर आपल्या पातळीपेक्षा ६५० मीटर उंच डोंगर आहे. ढोबळ हिशेबाने, तो पूर्ण झाकायला ५०० मीटरवरची ६५ मीटरची, म्हणजे वीसेक मजल्यांची इमारत पुरते. १५० मीटरवर २० मीटरची, सहा मजल्यांची इमारतही तेच काम करते. तीच ६५ मीटरची इमारत आपल्यापासून ४ किलोमीटरवर असेल, तर डोंगराचा फक्त खालचा आठवा भाग झाकते आणि शिखररेषा अखंड राहते. म्हणजे नुसती मजल्यांची मर्यादा घालून भागत नाही. रस्त्याला खेटून उभी केलेली सहा मजली रांग एका दूरच्या टॉवरपेक्षा जास्त नुकसान करू शकते. इमारत कुठे, कोणत्या दिशेने, दोन इमारतींत किती मोकळं अंतर सोडून, हे प्रश्न मजल्यांइतकेच महत्त्वाचे आहेत, आणि त्यांची उत्तरं आराखडा कागदावर असतानाच बदलता येतात.

दृश्य परिणामाचं मूल्यांकन ही जगात रुळलेली पद्धत आहे. तिचे टप्पे साधे आहेत. आधी पाहणारा कुठे उभा आहे ते ठरवायचं : घराची खाजगी खिडकी नव्हे, सगळ्यांची जागा. आमच्याकडे ही यादी करायला वेळ लागणार नाही. बदलापूर–कर्जत रस्ता, बदलापूर ते वांगणी रेल्वेमार्ग, उल्हासचा काठ, गावातल्या शाळेचं आणि देवळाचं आवार, चंदेरीची वाट आणि वरून खाली पाहणारा माथेरानचा पॅनोरमा पॉइंट. मग जमिनीच्या उंचसखलपणाच्या माहितीवरून, प्रस्तावित इमारत कुठून कुठून दिसेल याचा नकाशा काढायचा. उपग्रहांनी मिळवलेली ही माहिती आणि ती वापरणारी मोफत संगणक प्रणाली आज महाविद्यालयातली मुलंही हाताळतात. त्यानंतर ठरलेल्या जागांवरून फोटो काढून त्यात इमारत खऱ्या मापात बसवायची.

इथे एक बारकावा आपल्या तज्ज्ञ समितीने ध्यानात ठेवावा. वाइड अँगल लेन्सने काढलेल्या फोटोत मागचा डोंगर लांब पळतो आणि लहान दिसतो. मग इमारतीने काही झाकलं असं वाटतच नाही. म्हणून डोळ्याला दिसतं त्याच्या जवळ जाणारी, फुल फ्रेम कॅमेऱ्याची ५० मिलिमीटरची लेन्स, कॅमेऱ्याची जागा आणि उंची, फोटोची तारीख, हे सगळं नोंदवण्याची अट ब्रिटनसारख्या देशांतल्या व्यवसाय-मार्गदर्शिकांत असते. आमच्याकडे ऋतूचीही अट घालावी लागेल. जुलैत ढगांनी डोंगर अर्धा गिळलेला असतो, मे महिन्यात धुरकटलेला असतो. डोंगर दिसतच नाही अशा दिवशी फोटो काढून ‘बाधा नाही’ म्हणणं सोपं आहे. पावसानंतरच्या स्वच्छ दिवसाचा एक फोटो सक्तीचा हवा.

स्वित्झर्लंडमध्ये तर फोटोवरही भागत नाही. तिथे बहुतेक भागांत परवान्याचा अर्ज केला की जागेवर खांब उभारून इमारतीची बाह्यरेषा आणि उंची प्रत्यक्ष दाखवावी लागते. येणारा-जाणारा मान वर करून पाहतो आणि मुदतीत हरकत घेतो. आमच्याकडे बांबूला तोटा नाही. उंच इमारतीसाठी तेवढ्या उंचीवर दोरीला बांधलेला रंगीत फुगा पुरेल. नकाशा न वाचता येणाऱ्या माणसालाही तो समजतो.

या खांबांचं आणि फुग्याचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे. २००६ च्याच अधिसूचनेने इमारती आणि टाउनशिप यांना जाहीर सुनावणीतून सूट दिली आहे. कारखाना येणार असेल तर गावाला बोलावून विचारतात. हजारो घरांची वसाहत येणार असेल तर नाही. म्हणजे सहाव्या विभागातल्या ‘नाही’ला ‘अहो, आमच्या अंगणातून तर झाकला जातोय’ असं उत्तर देण्याची जागाच नाही. सुनावणी देणं आपल्या हाती नसेल. पण खांब, फुगा आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर फोटो लावण्याची अट घालणं आपल्या हाती आहे.

दृश्य दिवसापुरतं नसतं. वांगणी हे नाव मुंबईतल्या आकाशप्रेमींना चांगलं माहीत आहे. खगोल मंडळासारख्या संस्थेने इथे रात्र-रात्र आकाशदर्शनाचे कार्यक्रम केले, कारण मुंबईपासून लोकलच्या अंतरावर एवढा काळोख दुसरीकडे सापडणं अवघड होतं. त्या काळोखाला संरक्षण कुठलंच नाही. क्लब हाउसचे वर फेकणारे दिवे, गच्चीवरच्या नावाची रोषणाई, रात्रभर जळणारे फ्लडलाइट यांची नोंद अर्जात विजेच्या वापरापुरती होते. हा प्रकाश आकाशात किती जातो, तेही विचारायला हवं. दिव्याला वरून टोपी घाला, उजेड जमिनीवर पाडा, एवढी अट कुठल्याही प्रकल्पाला जड नाही.

आता पाण्याकडे येतो, कारण इथे दृश्य आणि पूर वेगळे काढता येत नाहीत. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस चामटोलीजवळ पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी एनडीआरएफ, नौदल आणि गावकरी सगळे धावले. चारी बाजूंनी पाणी आणि मधे उभी गाडी, ते चित्र देशाने पाहिलं. त्या चित्रातला जो विस्तार होता तोच आमचा पुढचा पट्टा. तो मोकळा दिसतो कारण उल्हास फुगली की तिला पसरायला तो लागतो. त्यावर भराव टाकला की पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं. आणि भरावाचा दृश्याशीही थेट संबंध आहे : इमारतीची उंची भरावाच्या वरून मोजली, तर खालचे दोन-तीन मीटर हिशेबातच येत नाहीत. म्हणून दृश्य मूल्यांकनात उंची मूळ जमिनीच्या पातळीवरून मोजली जावी. त्या एका अटीने किती भराव पडणार आहे, हेही उघड होईल.

आमची मागणी परकी नाही. ४ फेब्रुवारी २००३ च्या माथेरान पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेत नैसर्गिक वारशाच्या यादीत खडकांची रचना, धबधबे, राया यांच्यासोबत ‘पॉइंट’ही आहेत, आणि त्यांचं त्यांच्या नैसर्गिक परिसरासह जतन करावं असं म्हटलं आहे. पॉइंट म्हणजे उभं राहून पाहण्याची जागा. तिथून जे दिसतं ते क्षेत्राच्या हद्दीपाशी थांबत नाही. पायाखालची जागा राखून समोरचा देखावा सोडून दिला, तर त्या पॉइंटवर राखलं काय? मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत वारसा परिसराची आकाशरेषा टिकवण्याचं कलम होतं. आमच्याच तालुक्यात अंबरनाथचं शिवमंदिर आहे, शिलाहारांच्या काळातलं, १०६० सालचं. त्याच्याभोवती २०१० च्या कायद्याने १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण आहे, कारण मंदिराला परिसर असतो हे कायद्याने मानलं. हजार वर्षांच्या दगडाला परिसर असतो, तर कोट्यवधी वर्षांच्या दगडाला का नसावा? एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीने १:५ किंवा त्याहून तीव्र उताराच्या जमिनीवर बांधकाम रोखलं आहे, ते उत्तमच. पण त्याने डोंगराचा उतार वाचतो, डोंगर दिसण्याची वाट वाचत नाही.

ही वाट कशी राखतात, हे कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराकडून घेता येईल. तिथे शहरामागे डोंगररांग आहे आणि शहराला टॉवरही हवे होते. १९८९ मध्ये त्यांनी ठरावीक सार्वजनिक जागांवरून डोंगराकडे जाणाऱ्या दृष्टिरेषा नकाशावर आखल्या आणि त्या रेषांत येईल तेवढ्यापुरती उंची रोखली. बाकी शहर वाढतच राहिलं. घरांच्या टंचाईमुळे २०२४ मध्ये त्यांनी त्यातल्या काही रेषा सैल केल्या. तेही शिकण्यासारखं आहे. काय गमावतो आहोत ते मांडून, चर्चा करून त्यांनी ते सोडलं. आम्ही मात्र काय गेलं याची नोंदही न ठेवता गमावतो आहोत.

दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवं. पहिला : लोकांना घरं हवीत आणि तुम्ही देखाव्याचं काय घेऊन बसलात. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारा माणूस इथे घर घेतो, कारण त्याला मुंबईजवळ परवडत नाही. त्याचं घर आम्हाला नको आहे असं मुळीच नाही. त्याच संख्येची घरं शिखररेषा राखून बांधता येतात. वरचा त्रिकोणांचा हिशेब तेच सांगतो. दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो जास्त खरा आहे. सातबारावर ज्याचं नाव आहे त्याने शहरवाल्यांच्या डोळ्यांच्या सुखासाठी जमीन पडीक का ठेवावी? ठेवू नये. दृष्टिरेषेत ज्याची जमीन अडकेल त्याला विकास हक्क हस्तांतरणातून मोबदला मिळालाच पाहिजे, जसा आरक्षणाच्या जमिनीला मिळतो. देखावा सगळ्यांचा असेल तर त्याची किंमतही सगळ्यांनी भरावी. एकट्या कुणब्यावर, ठाकरावर किंवा आगऱ्यावर ती लादून निसर्गप्रेम मिरवणं अन्यायाचं होईल.

आता मागण्या, मुद्देसूद :

१. बदलापूर ते वांगणी पट्ट्यातल्या, आपल्यासमोर येणाऱ्या प्रत्येक बांधकाम प्रकल्पाने दृश्याच्या प्रश्नाला पुरावा जोडावा : पाहण्याच्या जागांची यादी, दृश्यक्षेत्राचा नकाशा आणि खऱ्या मापातले आधीचे-नंतरचे फोटो. पुराव्याविना ‘नाही’ आलं तर अर्ज अपूर्ण समजावा.

२. उंची मूळ जमिनीच्या पातळीवरून मोजावी आणि भरावाची जाडी वेगळी दाखवावी.

३. मूल्यांकन एकट्या इमारतीचं नसावं. आजूबाजूचे मंजूर झालेले आणि मंजुरीच्या वाटेवरचे प्रकल्प त्याच फोटोत दाखवावेत. चंदेरी झाकली जाईल ती एका इमारतीने नाही. दहा इमारतींनी, आणि त्यातली प्रत्येक ‘मी एकटी कुठे झाकते’ असं म्हणेल.

४. मंजुरीपूर्वी किमान पंधरा दिवस जागेवर खांब किंवा फुगा आणि ग्रामपंचायतीत फोटो लावून लेखी हरकती मागवाव्यात.

५. मंजुरीनंतर दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायच्या सहामाही अनुपालन अहवालात त्याच जागांवरून काढलेले ताजे फोटो सक्तीचे करावेत. कागदावर दाखवलेली इमारत आणि उभी राहिलेली इमारत एकच आहे का, ते कुणालाही पडताळता येईल.

२०,००० चौरस मीटरपेक्षा लहान बांधकामं आपल्यासमोर येत नाहीत, हे आम्ही जाणतो. शेतघरं आणि प्लॉटिंगचा मोठा भाग त्यातच मोडतो. म्हणून या पत्राची प्रत मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या महानगर आयुक्तांना आणि ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना देत आहोत. दृष्टिरेषांचा नकाशा त्यांनी ग्रामसभांसोबत बसून करावा. तो झाला की लहान-मोठ्या सगळ्यांना एकच माप लागेल, आणि प्रामाणिक बांधकाम व्यावसायिकालाही कुठे काय चालेल ते जमीन घेण्याआधीच कळेल.

महोदय, पाणी कमी पडलं तर टँकर येतो, झाड तोडलं तर दुसरं लावण्याची अट घालता येते. झाकलेली शिखररेषा परत मिळवण्याची कुठलीही तरतूद कुठल्याही कायद्यात नाही, कारण विकलेल्या घरांचा वरचा मजला कुणी उतरवून देत नाही. म्हणून या परिणामाचा विचार मंजुरीच्या आधीच करावा लागतो. ती वेळ आणि तो अधिकार आपल्याकडे आहे. या पट्ट्यातला पुढचा अर्ज आपल्या टेबलावर येईल, तेव्हा सहावा विभाग उघडा, आणि उत्तरात ‘नाही’ असेल तर फोटो मागा.

आपला,
चामटोली परिसरातला एक रहिवासी

प्रत माहितीसाठी :
१. मा. महानगर आयुक्त, मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण
२. मा. जिल्हाधिकारी, ठाणे